टेनॅसिटी : चिकाटी की हट्ट?

भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये एका परिचितांकडे उतरलो होतो. त्यांच्या मुलाने विचारले, "काका, टेनॅसिटी म्हणजे हट्ट की चिकाटी?" वार्षिक गोपनीय अहवालांत मी हा शब्द अनेकदा लिहिला आहे, तरीही उत्तर चटकन सुचले नाही.

लॅटिन 'टेनेरे' म्हणजे धरून ठेवणे. त्यावरून 'टेनॅक्स', घट्ट धरणारा. त्याचा एक अर्थ कंजूष असाही होई. भाषाशास्त्रज्ञ याचे नाते संस्कृत 'तन्' या धातूशी जोडतात. आपले तंतू आणि ताण त्याच कुळातले. धातुविज्ञानात टेनॅसिटी म्हणजे ओढले असता न तुटण्याची शक्ती. पोलादनगरीत हा अर्थ अधिक शोभतो.

याच परिसराशी निगडित एक इतिहास आहे. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजावरील अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याचा ध्यास त्यांनी घेतला. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामी उपयोगी ठरला नाही, सरकारी अटीही जाचक होत्या. दोन दशकांनंतर शोध पुन्हा सुरू झाला, तेव्हाही चांद्याने निराशाच केली. पुढे नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींना भूगर्भीय नकाशा दिसला. त्यात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण होती. त्या मागाने ते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरापर्यंत पोहोचले. खनिज उत्तम होते, पण जवळपास योग्य कोळसा व पुरेसे पाणी नव्हते. तीही जागा सोडावी लागली. १९०४ साली जमशेटजी निवर्तले. त्याच वर्षी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजची वाट दाखवली आणि १९१२ साली साकची येथे पोलाद तयार झाले. राजहऱ्याचा डोंगर मात्र थांबून राहिला. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर भिलाईचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले; तिला खनिज पुरवले ते राजहऱ्यानेच.

टाटांनी जागा दोनदा सोडली, उद्दिष्ट सोडले नाही. आम्ही प्रशासक बहुधा याच्या उलट वागतो. नियम, नस्ती आणि शेरा घट्ट धरतो. ज्यासाठी नियम केला ते निसटून जाते. मीही याला अपवाद नव्हतो, आणि त्या गोपनीय अहवालांत मी कितीदा निव्वळ हट्टालाच चिकाटी म्हटले असेल, कोण जाणे!

मुलाला म्हणालो, "काय धरले आहे, त्यावर ते अवलंबून आहे." घराबाहेर पडताना गल्लीवरची पाटी दिसली. कॅम्प म्हणजे छावणी, चार दिवसांची. इथली माणसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. शब्दाचा अर्थ त्यांना विचारण्याची गरज नव्हती.