जाळी मधेच का झुकलेली?

पन्नाशी उलटल्यावर मी टेनिसची रॅकेट हातात घेतली. शिकवणाऱ्या तरुणानं पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या. "चाचा, चेंडू तिरका मारा, जाळी मधे खाली असते. आणि समोरचा जाळीपाशी धावून आला, की त्याच्या डोक्यावरून उंच टाका." प्रत्येक नवशिक्याला ही बाळगुटी मिळते. तिच्यामागे एका खेळाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता, हे मला पुढे वाचनातून कळलं.

1877 साली विम्बल्डनच्या क्लबाला मैदानावरचा, तट्टानं ओढायचा रोळ दुरुस्त करायला पैसे हवे होते. म्हणून पहिली टेनिस स्पर्धा भरली. 22 जण उतरले. मेजर विंगफिल्ड यांनी या खेळाचं सामान पेटीत घालून विकायला काढलं ते 1874 मध्ये. म्हणजे सगळेच तसे नवशिके. जिंकला स्पेन्सर गोर. बाकीचे मागे उभे राहून टप्पा पडलेला चेंडू परतवीत. गोर पुढे येऊन तो हवेतच मारी. आता त्या वेळची जाळी पाहा. मधे 3 फूट 3 इंच, खांबांपाशी मात्र तब्बल 5 फूट! कडेनं सरळ फटका मारणं अवघड, आणि मधे तर गोर उभाच. अंतिम सामना 48 मिनिटांत आटोपला. गंमत अशी, की खुद्द गोरला हा खेळ कंटाळवाणा वाटे. मला त्यात नवल वाटत नाही. एकाच युक्तीवर जिंकता येऊ लागलं, की खेळात राहतं काय?

पुढच्याच वर्षी सिलोनच्या कॉफीमळ्यातून फ्रँक हॅडो रजेवर इंग्लंडला आला. त्यानं गोरच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकले आणि त्याला हरवलं. दुसऱ्या वर्षी विजेतेपद राखायला तो फिरकलासुद्धा नाही! त्यानंतरची दोन वर्षं हार्टली नावाचा पाद्री मागच्या रेषेवरून शांतपणे चेंडू परतवत जिंकला. पण 1881 मध्ये विल्यम रेन्शॉनं पुढे येऊन त्याला 37 मिनिटांत गारद केलं. पुन्हा तोच पेच.

मात्र एव्हाना नियम करणारी मंडळी जागी झाली होती. पुढे येण्यावर त्यांनी बंदी घातली नाही, हा मला त्यांचा मोठा शहाणपणा वाटतो. त्यांनी कडेची वाट मोकळी केली. खांबांपाशी जाळीची उंची टप्प्याटप्प्यानं उतरवत साडेतीन फुटांवर आणली, मधे ठेवली 3 फूट. 1880 नंतरच्या दोनतीन वर्षांत हे माप ठरलं, ते आजही तेच आहे.

नवशिक्याच्या वाट्याला आले ते मधले सहा इंच. शिवाय मैदान 78 फूट लांब, 27 फूट रुंद; कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलेल्या चेंडूला आणखी साडेचार फूट जागा मिळते.