शब्बाथ

हिब्रू ‘शब्बाथ’ म्हणजे विश्रांतीचा दिवस, असें आपण समजतों. परंतु त्याच्या धातूचा मूळ अर्थ ‘थांबणें’ असा आहे. सृष्टीचें काम पुरें झाल्यावर सातव्या दिवशीं ईश्वर थांबला, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. निर्गमाच्या २० व्या अध्यायांत शब्बाथाच्या आज्ञेस हेंच कारण दिलें आहे. अनुवादाच्या ५ व्या अध्यायांत मात्र मिसर देशांतील दास्याची आठवण दिली असून दासदासींस धन्याप्रमाणेंच विसावा मिळावा, बैलगाढवांसही कामास लावूं नये, असें बजाविलें आहे. मला हें दुसरें कारण अधिक थोर वाटतें. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत, पण शनिवारीं घाणा चालवीत नसत. शेजाऱ्यांस हिब्रू कोठलें ठाऊक! थांबलेला घाणा पाहूनच त्यांनीं या लोकांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें.