बीज आणि भूमी : कर्कपेशीच्या परिसराचा शोध

कर्करोगाचा इतिहास म्हणून आपल्यापुढे बहुधा एका पेशीचाच इतिहास येतो. पेशी बिघडते, तिच्यावरचे नियंत्रण सुटते, ती अनिर्बंध वाढते. मग शस्त्र, किरण आणि औषध या तीन मार्गांनी तिच्याशी माणसाचा झगडा सुरू होतो. परंतु ती पेशी जेथे जगते तेथे प्राणवायू किती, साखर किती, आम्लता किती, आणि त्याचा तिच्या तगण्याशी संबंध काय, हा प्रश्नही सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याचा मागोवा घेणे केवळ कुतूहलाचे नाही. याच इतिहासातील अर्धवट वाक्ये उचलून आज रुग्णांच्या घरी अनेक चमत्कारिक उपाय पोहोचवले जातात.

प्रारंभ १८८९ सालचा. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून एक लेख प्रसिद्ध केला. रोग रक्तातून निव्वळ योगायोगाने पसरत असेल, तर भरपूर रक्त मिळणाऱ्या सर्व अवयवांत तो सारखाच आढळावा. प्रत्यक्षात यकृतात तो २४१ रुग्णांत होता, प्लीहेत अवघ्या १७. पॅजेट यांनी निष्कर्ष काढला, की बी चहूकडे उडते, पण रुजते ते अनुकूल भूमीतच. शेतीशी नाते असलेल्या कोणालाही हे पटावे. वैद्यकाला मात्र ते पचायला वेळ लागला. अमेरिकेचे जेम्स ईविंग यांनी १९२८ साली, रोगाचा प्रसार रक्तप्रवाहाच्या रचनेनेच ठरतो, असे मांडले आणि भूमीचा विचार मागे पडला. आयझाया फिडलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी १९७० नंतरच्या दशकात तो पुन्हा पुढे आणला.

भूमी म्हणजे नेमके काय, याचे रासायनिक उत्तर मात्र बर्लिनमध्ये शोधले जात होते. ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२०च्या दशकात गाठींचे पातळ काप घेऊन त्यांचा श्वासोच्छ्वास दाबमापकाने मोजला. निरोगी पेशी प्राणवायू उपलब्ध असता साखरेचे पूर्ण ज्वलन करते. कर्कपेशी मात्र प्राणवायू असतानाही बरीचशी साखर अर्ध्यावर सोडून तिचे लॅक्टिक आम्ल बनवते, असे त्यांना दिसले. हे निरीक्षण पक्के होते. पण त्यातून वॉरबुर्ग यांनी काढलेले अनुमान, की पेशीच्या श्वसनातील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ, तितके पक्के ठरले नाही. १९५६ साली त्यांनी ते पुन्हा ठामपणे मांडले, तेव्हा सिडनी वाइनहाउस यांनी अनेक गाठींतील श्वसन शाबूत असल्याचे दाखवून त्यावर आक्षेप घेतला. पुढे जनुकांतील बिघाडांचा उलगडा झाला आणि साखरेची ही उधळपट्टी पुष्कळदा त्यांचा परिणाम असते हे स्पष्ट झाले. १९३१ साली वॉरबुर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही कर्करोगाच्या कारणासाठी नव्हे, तर श्वसनातील एन्झाइमच्या संशोधनासाठी.

इंग्लंडमध्ये दरम्यान एक वेगळाच पुरावा हाती आला. आर. एच. थॉमलिन्सन आणि एल. एच. ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या गाठींचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पेशींचे दोरखंडासारखे गोलाकार पुंजके, भोवती रक्तवाहिन्या आणि मध्यभागी मृत पेशींचा गाभा, अशी रचना त्यांना दिसली. पुंजका कितीही मोठा असो, जिवंत पेशींच्या थराची जाडी साधारण सारखीच, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दशांशाच्या आसपास, भरत होती. रक्तवाहिनीपासून प्राणवायू झिरपत किती दूर जाऊ शकतो याच्या गणिताशी ती जुळत होती. मृत आणि सुस्थितीतील पेशींच्या सीमेवर मात्र अर्धपोटी जगणाऱ्या पेशी उरतात. प्राणवायू कमी असला, की किरणांचा मारा अडीच ते तीन पट सौम्य ठरतो. म्हणजे उपासमार सोसणारी पेशीच उपचारातूनही वाचण्याची शक्यता अधिक.

अशा पेशीला हाक मारता येते का, हा प्रश्न बॉस्टनच्या जूडा फोकमन यांनी विचारला. नव्या रक्तवाहिन्या मिळवल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, असे त्यांनी १९७१ साली मांडले. प्रारंभी त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. पण रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारे प्रथिन १९८९ साली ओळखले गेले आणि त्याला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याने काही रुग्णांचे आयुष्य वाढले; मात्र रसद तोडली की गाठ मरेल, ही भोळी अपेक्षा पूर्ण झाली नाही. कोंडलेल्या पेशी दुसऱ्या वाटा शोधतात.

त्या वाटा कशा उघडतात, हे ग्रेग सेमेन्झा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांच्या संशोधनाने दाखवले. प्राणवायू पुरेसा असताना ‘एचआयएफ’ या प्रथिनाचा एक भाग पेशीत सतत नष्ट केला जातो. प्राणवायू घटताच ते साचते आणि साखर खेचण्याची, रक्तवाहिन्यांना बोलावण्याची जनुके जागी करते. ही यंत्रणा रोगाने निर्माण केलेली नाही. ती निरोगी देहाचीच आहे. गाठ तिचा उपयोग करून घेते. या तिघांना २०१९ साली नोबेल मिळाले. १९९६ साली अमाटो जियाच्चा यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. प्राणवायूच्या टंचाईत ‘पी-५३’ हे रक्षक जनुक शाबूत असलेल्या पेशी मरतात आणि ते गमावलेल्या तगतात. म्हणजे प्रतिकूल भूमी बियाणे मारून थांबत नाही, त्यातले चिवट तेवढे निवडून ठेवते.

आता त्या चमत्कारिक उपायांकडे वळू. ‘कर्करोग आम्लात जगतो, म्हणून अल्कधर्मी पाणी प्या’, ‘साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल’ असे सांगताना वॉरबुर्ग यांच्या नोबेलचा दाखला दिला जातो. गाठीभोवती आम्लता असते हे खरे. पण ती गाठीनेच निर्माण केलेली असते. रक्ताचा पीएच फुप्फुसे आणि मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राखतात. पाण्याच्या पेल्याने तो बदलत नाही. आहारातील साखर तोडली तरी यकृत रक्तात साखर सोडत राहते. कृश होतो तो रुग्ण.

वॉरबुर्ग यांच्या निरीक्षणाचा खरा लाभ पेट स्कॅनच्या रूपाने मिळाला. किरणोत्सारी खूण केलेली साखर १९७६ साली प्रथम माणसाला टोचली गेली. आज तीच साखर दडलेली गाठ दाखवून देते. एचआयएफच्याच कुळातील प्रथिनाला रोखणारे बेल्झुटिफान हे औषध २०२१ साली अमेरिकेत मान्य झाले, तेही प्रथम एका विशिष्ट आनुवंशिक विकारातील गाठींसाठी. एवढ्या मर्यादित यशामागेही कित्येक दशकांची मोजमापे आहेत. घरात रोग शिरला असता स्वस्त आशेचा मोह कोणालाही पडतो, त्यात दोष नाही. परंतु त्या मोहापायी सुरू असलेले उपचार सुटले, तर गमावलेला काळ परत मिळत नाही, आणि तेवढ्यात भूमीतले चिवट बी मात्र आणखी खोल रुजलेले असते.