तळटीप : ‘व्हायरल’

१. व्हायरल : कळंबच्या बाजारातल्या या संवादात ‘मेसेज व्हायरल झालाय’ म्हणजे तो हातोहात पसरला, एवढेच. तो खरा आहे, असा अर्थ काढू नये. व्हॉट्सॲपवर पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो. तोही केवळ प्रवास दाखवतो. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली. दुहेरी बाण दिसला की आधी खातरजमा करावी. नाही झाली, तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा. – संपादक