पाच खणांचा हिशेब

आमच्या घरात सध्या नव्या घराचा नकाशा नांदतो आहे. सकाळी तो चहाच्या कपाखाली असतो, रात्री जेवणाच्या ताटाशेजारी. मुलाला हॉल मोठा हवा, सुनेला स्वयंपाकघराला दोन खिडक्या हव्यात आणि ऐंशी पार केलेल्या अम्मीला कुठंतरी चूल मांडता आली पाहिजे. इंजिनिअरनं चौरस फुटाला दोन हजारांच्या पुढचा दर सांगितल्यापासून मी कमी बोलतो. कवी माणूस, बी. ए. झालेला, मला कवितेची शेवटची ओळ खोडता येते, पण खोली खोडायची म्हटलं की घरात भांडण होतं.

याच धांदलीत जुन्या ट्रंकेत दादाजानची वही सापडली. आमचं जुनं घर त्यांनी बांधलं १३५१ फसलीत, म्हणजे इसवी १९४१-४२ च्या सुमारास. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. कागदोपत्री भाषा उर्दू, वर्ष फसली आणि नाणं हाली. सात हाली रुपये दिले की सहा इंग्रजी रुपये मिळत. उर्दू मला अडखळत वाचता येते, म्हणून मोहल्ल्यातल्या निवृत्त मास्तरांना घेऊन बसलो. वही पाच पानांची. घराचा नकाशा त्यात कुठंच नाही. पहिल्या पानावर फक्त एवढंच : पाच खण.

श्रोतेहो, शहरातल्या तरुण मंडळींसाठी सांगायला हवं. दोन खांबांच्या मधल्या अंतराला खण म्हणतात. आमच्याकडं घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. सुताराला ‘पाच खण’ म्हटलं की त्याला किती खांब, किती तुळया, किती कड्या लागणार ते तोंडपाठ असे. नकाशा त्याच्या डोक्यात असायचा आणि अंदाजपत्रकही. पैसे कमी पडले तर मालक म्हणायचा, ‘यंदा तीनच खण करू, उरलेले पोराच्या लग्नाला.’ घर असं वाढत जायचं. पुढं ओसरी, मधे माजघर, मागं न्हाणी आणि परस. ऐपत असेल तर दारातच ढेलज, तिथं पाहुणे आणि गुरं दोघांचीही सोय. आमच्या मुसलमान घरांत ढेलजेला आणखी एक काम होतं. परका माणूस तिथंच थांबे आणि आतल्या बायकांना अंगणात मोकळं वावरता येई. धान्यासाठी भिंतीत बळद, जमिनीखाली पेव. दिव्यासाठी कोनाडा; शेजाऱ्यांकडं त्यालाच देवळी म्हणत. घर मात्र एकाच सुतारानं बांधलेलं असे.

वर माळवद. कड्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला-काटक्या आणि त्यावर माती. ती शेतातली काळी माती नव्हे, गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडावरची पांढरी माती. ती दाबली की पाणी सहसा आत येऊ देत नाही. त्या टेकाडालाच पांढरी म्हणतात. तेरसारख्या गावात याच पांढरीखाली सातवाहनकाळातली वस्ती सापडली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या घरांची माती आमच्या डोक्यावर होती. माळवदाला एक भोक ठेवत, त्याला सवणं म्हणतात. त्यातून उजेड यायचा, चुलीचा धूर जायचा. उन्हाळ्यात या घरासारखा गारवा कुठं नाही.

आता वहीकडं वळतो. सगळ्यात मोठी रक्कम सागवानाची, निम्म्याहून जास्त. त्याखाली सुतार, मग पाथरवट आणि गवंडी. दाराची कडी-कोयंडा, खिळे, गवंड्याला दिलेलं पागोटं आणि पायाच्या दिवशी वाटलेला गूळसुद्धा लिहिलेला आहे. दादाजान पैशाला पैसा मोजणारे. पण मातीची नोंद नाही. मास्तरांना पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. नाहीच. माती फुकट होती. भावकीच्या चार बैलगाड्या आल्या, टेकाडावरून माती आणली, वर टाकली, संपलं. ज्याला पैसा पडत नाही ते कोण लिहिणार?

दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पडायची. गळालं की टाक थर. हीच सर्वांत स्वस्त डागडुजी होती. जुनी माती खाली उतरवायला मजूर लागतो, नवी चढवायला घरची माणसं पुरतात. मग खाली कोण उतरवणार? भूकंपानंतर माळवदं मोजली गेली तेव्हा दोन-दोन फुटांपर्यंत थर निघाले. मी बारा बाय दहाच्या खोलीचा हिशेब मुलाकडून करून घेतला. दोन फूट मातीचं वजन कोरडं धरलं तरी दहा टनांच्या खाली येत नाही. त्याखाली आम्ही झोपत होतो आणि गार झोप लागते म्हणून आल्या-गेल्याला कौतुकानं सांगत होतो.

तरीही दादाजानच्या घरात वजन खांबांवर होतं, भिंतीवर नव्हतं. भिंती दोन-तीन फूट जाड, पण दगड चिखलात बसवलेले, त्या आडोशाला. पुढं सागवान महाग होत गेलं. ज्यांना परवडेना त्यांनी खांब गाळले आणि कड्या सरळ भिंतीवर टेकवल्या. माझे खालू पिंजारी होते, गाद्या-रजया भरायचे. १९७८ मध्ये त्यांनी किल्लारीच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या तेव्हा असंच केलं. अब्बांनी त्यांना विचारलं होतं, खांब का नाहीत? खालू म्हणाले होते, ‘खांबांचे पैसे वाचवले, त्यात शेजारी पडवी काढली, पत्र्याची.’ वाचवलेल्या पैशाचा त्यांना आनंद होता. गरिबाच्या अंदाजपत्रकात वाचवायला दुसरं असतं तरी काय?

१९९३ सालच्या सप्टेंबरची २९ तारीख, अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं उशिरा झोपली. ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंप रिश्टर मापावर साडेसहाच्या आतलाच. जगात याहून मोठे भूकंप होऊन गेलेत आणि तिथं माणसं कमी मेलीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मोठा वाटा दगड आणि मातीचा होता. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडाचा सांगाडा उभा राहिला आणि खालची माणसं वाचली. खालूंच्या घरात सांगाडाच नव्हता. खाला आणि थोरला मुलगा पत्र्याच्या पडवीत झोपले होते, ते वाचले. खालू आणि धाकटी दोघं आत होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी तिथं पोचलो. त्याबद्दल मी आजवर कविता लिहिलेली नाही.

पुढचा इतिहास सरकारी दप्तरात आहे, पण तो घरांच्या हिशेबानं कुणी सांगत नाही. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा प्रकल्प सुरू झाला. सर्वाधिक नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. तिथं प्रत्येक कुटुंबाला किती मोठं घर, याचं माप जमिनीच्या उताऱ्यावरून निघालं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी : २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर : ४०० चौरस फूट. त्याहून जास्त : ७५०. घरात माणसं किती, धंदा काय, गुरं किती, याला त्या मापात जागा नव्हती.

खालाला अडीचशे फूट मिळाले. साहेबांनी तिला कागद दाखवला तेव्हा तिनं विचारलं होतं, ‘साहेब, अडीचशे फूट म्हणजे किती खण?’ साहेब चांगला माणूस होता. त्यानं खरोखर विचार केला, पण त्याला सांगता आलं नाही. ‘दोन खोल्या, मावशी’ म्हणाला.

ते घर पक्कं होतं, आजही उभं आहे. अन्याय करून बोलायचं नाही. त्या घराखाली कुणी मेलं नाही आणि खाला पहिल्यांदा गाढ झोपली ती तिथंच. पण पिंजारकामाला लांब-रुंद जागा लागते, ती नव्हती. धान्याला बळद नव्हतं. चुलीचा धूर जायला सवणं नव्हतं, म्हणून चूल बाहेर आली आणि चुलीवर पत्रा आला. संडास होता, पण पाणी नव्हतं. त्यात तिनं गोवऱ्या आणि सरपण ठेवलं. अशा कितीतरी घरांना दोन-चार वर्षांतच पत्र्याच्या पडव्या फुटल्या. लोकांनी आपले खण स्वतःच जोडून घेतले. जुन्या गावात खालाची भिंत एका मोठ्या शेतकऱ्याच्या वाड्याला लागून होती. त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या की भिंतीवर थाप पडायची. नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद, अन् अनेक ठिकाणी एका मापाची घरं एका रांगेत. साडेसातशेवाले तिकडे, अडीचशेवाले इकडे. थाप ऐकू जाईल एवढं जवळ कुणी राहिलं नाही.

आमच्या गावाची गोष्ट वेगळी. ते किल्लारीपासून बरंच लांब. भिंतींना भेगा गेल्या, एक कोपरा ढासळला, माणसं वाचली. अशा गावांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना होती. १३ जिल्हे, दोन लाखांच्या जवळपास घरं. नुकसान पाहून १७ हजार किंवा ३४ हजार रुपये मिळायचे आणि काम घरच्यांनी करायचं. आम्हाला १७ हजार मिळाले. तज्ज्ञांचा सल्ला होता तो असा : माळवदाची माती कमी करा, खांब-तुळईच्या जोडाला तिरपे आधार द्या, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, काँक्रीटचा पट्टा फिरवा. सल्ला अगदी बरोबर होता, हे आज कळतं. तेव्हा अम्मीनं एकच वाक्य ऐकवलं, ‘मिट्टी के नीचे मैं नहीं सोती.’ घरोघरी हेच झालं. बहुतेकांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी त्याच पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडावरचा लोकांचा विश्वास उडाला होता.

या योजनेत एक गोष्ट मात्र नवी होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, सुमारे १३०० गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आणलं. या बायका घरोघर जाऊन हप्ता कधी मिळेल, सिमेंट किती लागेल, पट्टा कुठं टाकायचा ते सांगत. आमच्या गावच्या संवाद सहायक बाईंनी अब्बांना ओसरीत बसवून विचारलं होतं, ‘मामू, खोलीचं दार कुठं ठेवायचं ते भाबींना विचारलंत का?’ अब्बा गप्प झाले. मग दार परसाकडं आलं. दहा बाय बाराची ती खोली, वर पत्रे. २३ हजार खर्च झाला, वरचे सहा हजार उसने. उन्हाळ्यात भट्टी व्हायची. पण दार अम्मीच्या मनासारखं होतं, म्हणून तिनं कधी तक्रार केली नाही.

जुन्या घराचं लाकूड १९९५ मध्ये विकलं. गावोगाव व्यापारी हिंडत होते, नक्षीचे दरवाजे आणि खांब ट्रकनं शहरात जात होते. लोकांना ते डोळ्यांपुढं नको होतं आणि पैसा हवा होता. दादाजानच्या पाच खणांपैकी दोन खांब उरले, तेही व्यापाऱ्याला वाळवी दिसली म्हणून.

परवा नकाशावर पुन्हा बसलो. मी इंजिनिअरला म्हटलं, हे दोन खांब ओसरीत वापरता येतील का? तो म्हणाला, वजन नाही देता येणार, पण उभे करू. सुनेनं हॉलमधले चार फूट कापून मागं चुलीची जागा काढली आणि वर सवणं काढायला लावलं. इंजिनिअरच्या भाषेत त्याचं नाव व्हेंटिलेटर. मुलगा थोडा रुसला. मग अंदाजपत्रक वाचायला घेतलं. जागा काळ्या मातीची. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : पायातली काळी माती काढणे, वाहून नेणे, मुरूम भरणे. पुढं आकडा. दादाजानच्या वहीतल्या सागवानापेक्षा कितीतरी मोठा.

अम्मीनं विचारलं, ‘मिट्टी के भी पैसे?’ मुलानं हो म्हणून सांगितलं. ग्रामपंचायतीची परवानगी अजून यायची आहे.