नाशिकरोड कारागृह आणि बंदिवान आयांची मुले

नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह 1927 मध्ये उभे राहिले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. पण आईच गजाआड असेल तर तिच्या लेकराचे काय, हा प्रश्न कायद्याच्या नजरेत यायला फार वर्षे गेली. 1894 च्या कारागृह अधिनियमात अशा मुलांसाठी वेगळे प्रकरण नाही. मूल किती वर्षांचे होईपर्यंत आईजवळ ठेवायचे, हे राज्यांनी आपापल्या नियमावलीत ठरवले. महिला कैद्यांसाठी नेमलेल्या न्या. कृष्णा अय्यर समितीचा अहवाल 1987 मध्ये आला. मुंबईत 1990 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प सुरू झाल्यावर तुरुंगातील समाजकार्याला महाराष्ट्रात बैठक मिळाली.

खरा पालट सर्वोच्च न्यायालयाच्या 13 एप्रिल 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालाने झाला. मूल कैदी नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्याला वयानुसार आहार, लस, पाळणाघर आणि बालवाडी मिळाली पाहिजे. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे. तुरुंगात झालेच तर जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव येता कामा नये. सहा वर्षांनंतर मूल आईच्या इच्छेनुसार नातलगांकडे किंवा बालगृहात जाते. बालगृह शक्यतो त्याच शहरात असावे आणि आठवड्यातून एकदा तरी मायलेकरांची भेट व्हावी, असेही निकालात आहे. ही भेट नेमाने घडणे मुलासाठी सर्वांत मोलाचे आहे.

आई व्यसनी असेल तर पेच वाढतो. गर्द ओढणाऱ्या बाईला अटक झाली की नशा एकाएकी तुटते; अंगदुखी, उलट्या, झोप उडणे, चिडचिड सुरू होते आणि अंगावर पिणारे मूल त्याच बराकीत असते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम 39 नुसार, अल्प प्रमाणातील गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला त्याच्या संमतीने न्यायालय उपचारांसाठी सोडू शकते. कलम 64अ स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देते. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पुढे तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग झाला. मात्र बायकांना मुलासह राहून उपचार घेता येतील अशी सोय आजही दुर्मीळ आहे.

मूल आजीकडे किंवा मावशीकडे असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेचा आधार मिळू शकतो. तिची रक्कम 425 रुपयांवरून 1100 झाली आणि 2023 मध्ये महिना 2250 रुपये झाली. कारागृह गृह खात्याकडे, मूल महिला व बालविकासकडे, व्यसनमुक्ती सामाजिक न्यायकडे, अशी कामाची वाटणी आहे. म्हणून आईच्या अटकेच्या दिवशीच मुलाची माहिती जिल्हा बालकल्याण समितीपर्यंत पोहोचवणे, ही पहिली गरज आहे.