ढोकेश्वर लेणी

अहिल्यानगर जिल्ह्यातील (जुने नाव अहमदनगर) पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर गावाजवळच्या डोंगरात कोरलेले शैव शैलगृह. अहिल्यानगर–कल्याण रस्त्यालगतच्या या लेण्याचा काळ शैलीवरून सर्वसाधारणपणे इ. स. सहावे शतक मानला जातो (पाहा : कलचुरी घराणे).

लेणे सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकात (पाहा : दख्खन ट्रॅप) खोदलेले आहे. दर्शनी बाजूस स्तंभ, आत प्रशस्त मंडप आणि त्यात मूळ खडकातच राखलेले गर्भगृह अशी त्याची रचना आहे. गर्भगृहात शिवलिंग असून त्याभोवती खडक कोरून रुंद प्रदक्षिणामार्ग काढला आहे. मागच्या भिंतीत केवळ गाभारा खोदण्यापेक्षा हे काम पुष्कळ अवघड. चारही बाजूंचा खडक काढताना मधला भाग अखंड ठेवावा लागतो. गर्भगृहाच्या दाराशी द्वारपाल आहेत. मंडपाच्या एका बाजूस सप्तमातृकांचा पट असून त्यांच्यासोबत शिव व गणेश आहेत (पाहा : सप्तमातृका). सप्तमातृकापट आणि प्रदक्षिणामार्ग वेरूळच्या 21 क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यातही आढळत असल्याने दोन्हींचा अभ्यास एकत्र करणे उपयुक्त ठरते (पाहा : वेरूळ).

आरंभीच्या ब्राह्मणी शैलगृहांचा प्रसार वेरूळ व घारापुरीपुरता मर्यादित नव्हता, हे या लेण्यावरून दिसते (पाहा : घारापुरी). येथे आजही पूजा चालते. श्रावणात भाविकांची गर्दी असते. याच तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात प्रवाहाने घडवलेले रांजणखळगे आहेत (पाहा : रांजणखळगे).